काकांची छिन्नी

काकांसमोर डोळ्यांत पाणी आणायची सोय नव्हती. आणलंच, तर ते लगेच काम सांगायचे. दिवा गावात त्यांच्या चाळीत आम्ही भाड्याने राहायचो, तेव्हा शेजारच्या तावडे वहिनींच्या बहिणीचं लग्न झालं. पाठवणीला बायकांचा घोळका रडत उभा होता. काका त्यात शिरले, जिचे डोळे सगळ्यांत लाल होते तिच्या हातात खरकट्या ताटांची चळत दिली आणि म्हणाले, "भरून आलं ना? मंग कायतरी उचल." मयताच्या घरीही त्यांचं हेच. हुंदके देणाऱ्या एका जावयाला त्यांनी लाकडं उतरवायला टेम्पोवर चढवलं होतं. लोक त्यांना पाठीमागे दगड म्हणायचे. मी एकदा तोंडावर म्हटलं.

"आसंल," ते म्हणाले. "तू तुजी टाकी भरली का, मास्तरीन? टँकर चाललाय."

मी जवळच्याच एका खाजगी शाळेत शिकवायचे, म्हणून मी मास्तरीन. बाकीच्यांना ते खोलीच्या नंबराने हाक मारायचे. "ओ चार नंबर, तुमचा नल गलतोय." अंगाने रुंद, आवाजाने त्याहून रुंद. गळ्यात सोन्याची जाड साखळी आणि पायात तार लावून सांधलेली स्लिपर. त्यांचे वडील मिठागरात राबले होते, काकाही पोरवयात तिथेच वाढले. पुढे मिठागरं गेली, जमिनींना भाव आला, आणि काकांनी नाल्याच्या अलीकडे ही चाळ बांधली. पैसा आला तरी त्यांना गवंडी बोलावणं जमत नसे. कौल सरकलं, पाइप फुटला, की हे स्वतः लुंगी खोचून वर चढलेले असायचे आणि खाली उभ्या काकी त्यांना शिव्या देत असायच्या.

कामाला लावायची ही खोड मात्र त्यांना जन्मापासून नव्हती. ती लागली तेव्हा मी तिथेच होते.

आमच्या शाळेची जागा काकांच्या भावकीतल्या कोणाची तरी, म्हणून त्या वर्षी स्नेहसंमेलनाचे पाहुणे काका. त्यांना फेटा बांधून पहिल्या रांगेत बसवलं होतं. भाषणाला कल्याणची एक बाई बोलावली होती. बँकेत नोकरीला होती, व्हीलचेअरवर असायची. मुख्याध्यापकांनी तिला 'अपंगत्वावर मात' असा विषय दिला होता. ती फार छान बोलली, मधेमधे स्वतःची टिंगलही केली. संपलं तेव्हा अख्खं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. आयांचे पदर डोळ्यांना लागले होते, मुख्याध्यापकांना आभार मानताना शब्द सापडत नव्हते, आणि काका लहान पोरासारखे रडत होते. मग शाल झाली, नारळ झाला.

स्टेज चांगलं पुरुषभर उंच आणि त्याला अरुंद लाकडी जिना. तिला खाली उतरवायला शिपाई आणि तीन पालक पुढे आले. खुर्ची उचलली, जिन्यावर तिरकी झाली, एकाचा हात सुटला. ती पडली नाही, पण तिच्या मांडीवरचा नारळ गडगडत खाली गेला आणि मुलं हसली. तिने खुर्चीचे हात घट्ट धरले होते आणि चेहऱ्यावर मघाचंच हसू तसंच ठेवलं होतं. 

नारळ काकांच्या पायाशी येऊन थांबला होता. तो त्यांनी तिला नेऊन दिला आणि विचारलं, "बाय, लय भरून आलं. तुना काय देऊ?"

"मला काही नको, काका," ती म्हणाली. "मला चढवायला चार जण लागले, उतरवायला चार जण लागले. पुढच्या वेळी बोलवाल तेव्हा रस्ता करून ठेवा. नाहीतर बोलवू नका."

 त्या रात्री काका जेवले नाहीत, असं काकींनी सांगितलं. सकाळी आम्ही उठलो ते ठोकण्याच्या आवाजानेच. चाळीच्या टोकाच्या खोलीपुढे काका फतकल मारून बसले होते आणि छिन्नी-हातोडीने दाराचा उंबरा फोडत होते.

त्या खोलीत दिपाली राहायची. दहा-अकरा वर्षांची असेल. जन्मापासून तिच्या कमरेखाली ताकद नव्हती. वडील डोंबिवलीच्या एमआयडीसीत कामाला, आई चार घरी पोळ्या लाटायला जायची. कुठल्याशा शिबिरात मिळालेली चाकांची खुर्ची दारामागे उभी असायची आणि तिच्यावर टॉवेल वाळत असायचे, कारण खुर्ची बाहेर काढायची तर उंबरा आडवा. पावसाळ्यात नाला फुगायचा म्हणून चाळीतले सगळेच उंबरे वीतभर उंच होते. लहान होती तोवर आई तिला कडेवर घेऊन ओट्यावर आणायची. मग पोर वाढली आणि आईची कंबर गेली. तेव्हापासून दिपाली उंबऱ्याच्या आतल्या बाजूला बसून राहायची. जाणारा-येणारा प्रत्येक जण तिच्याशी दोन शब्द बोलायचा. किती हसरी आहे, हिच्याकडे बघितलं की आपली दुःखं काहीच नाहीत असं वाटतं, असंही सगळे एकमेकांत म्हणायचे. काका रोज एक लिमलेटची गोळी द्यायचे. सगळ्यांना तिच्याविषयी फार वाटायचं. खुर्ची तशीच दारामागे.

उंबरा फुटला, खुर्ची पुसून बाहेर आली, दिपाली ओट्यावर आली. चाळ गोळा झाली, कोणी फोटो काढले. दुसऱ्या दिवशी काका तिच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"काय बाय, आता खूश?"

"हो," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "पण काका, आता जाऊ कुठे? तुमच्या घरात येऊ?"

काका मान वळवून आपल्या दाराकडे बघत राहिले. तिथे सागवानी उंबरा होता, जुन्या घरातून काढून आणून बसवलेला. काकी नवरी होऊन त्याच्यावरून आत आल्या होत्या. रोज त्यावर हळदकुंकू, सणाला फूल. तो काढायचा म्हटल्यावर काकींनी जे तोंड सोडलं ते नाल्यापलीकडेही ऐकू गेलं असेल. लक्ष्मी घरात थांबायची नाही, वंशाचं वाईट होईल, लोक थुंकतील. काका ऐकत होते आणि पहार चालवत होते. संध्याकाळी माझ्याकडे पाणी प्यायला थांबले तेव्हा त्यांचे तळहात सोलवटले होते.

"एक फोडला का दुसरा दिसतो, मास्तरीन," ते म्हणाले. "पयला फोडल्याबिगर दुसरा दिसत नाय. मी रोज गोली देत व्हतो तिला. मना वाटायचं, आपलं काम झालं."

मग त्यांनी सगळ्या चाळीचे उंबरे काढले. मालकच छिन्नी घेऊन दारात बसल्यावर नाही कोण म्हणणार? त्यातून तेव्हा सगळेच हळवे झाले होते. काकींनी त्यांच्याशी बोलणं टाकलं, पण पूजा टाकली नाही. उंबरा होता तिथे त्या रोज सकाळी रांगोळीची जाड रेघ काढायच्या, तिच्यावर हळदकुंकू वाहायच्या, आणि घरात जाताना पाय उचलून टाकायच्या, जणू खाली लाकूड आहेच. दिपालीची चाकं त्या रेघेवरून गेली की रांगोळी सगळ्या घरभर उमटायची. काकी फडकं घेऊन पुसायच्या.

पावसाळ्यापर्यंतचे ते महिने दिपाली चाळभर हिंडली. मला तिची गंमत वाटायची ती यासाठी, की तिला सगळ्यांची घरं आवाजाने पाठ होती आणि आतून एकही माहीत नव्हतं. माझ्याकडे पहिल्यांदा आली तेव्हा तिने मान वर करून पंख्याकडे बघितलं आणि म्हणाली, "म्हणजे हा कुरकुरतो." तावडे वहिनींच्या घरी जाऊन तिने मिक्सर बघून घेतला, कारण रोज सकाळी तो ओरडायचा आणि तिला तो केवढातरी मोठा वाटला होता. लोकांच्या मांडण्या बघायची, डबे उघडायला लावायची, कोणाचं पोळपाट दगडी आणि कोणाचं लाकडी ते आईला जाऊन सांगायची. एकदा मला विचारलं, "बाई, तुमच्याकडे दोनच खुर्च्या कशा? कोण आलं तर?" मी म्हटलं, तू येतेस ती खुर्ची घेऊनच येतेस. त्यावर ती इतकी हसली की तिची आई धावत आली. शाळेचंही चाललं होतं. पावसाळा संपला की तिला आमच्या शाळेत घालायचं ठरलं होतं आणि काका शाळेच्या पायऱ्या मोजून आले होते.

जुलैत पाणी आलं.

दुपारची भरती आणि वरून कोसळणारा पाऊस, दोन्ही एकदम. नाला उलटा फिरला. दिव्यात असं दरवर्षीच व्हायचं, पण पाणी उंबऱ्याशी थांबायचं आणि आम्ही आत बसून भजी तळायचो. त्या दिवशी त्याला थांबायला काही नव्हतं. काळं पाणी सरळ घरात आलं. तांदळाचे डबे, पोरांची दप्तरं, गाद्या, फ्रीजची मोटर, सगळं त्यात. आम्ही पोती रचत होतो आणि पोती वाहून जात होती. काका घोटाभर पाण्यात या दारातून त्या दारात पळत होते आणि स्वतःच्याच तोंडात मारून घेत होते. "मिठागरान जन्म गेला माजा अन पानी इसरलो," एवढंच वाक्य ते सारखं म्हणत होते. खरं होतं ते. पाणी अडवणं आणि सोडणं यावर ज्याच्या बापजाद्यांची पोटं भरली, त्या माणसाला उंबरे फोडताना पाणी आठवलं नव्हतं. त्याचं मन भरलेलं होतं.

पाणी ओसरल्यावर तावडे वहिनी ओट्यावर भिजलेला तांदूळ पसरत बसल्या होत्या. "एका पोरीच्या चाकासाठी आमच्या चुलीपर्यंत गटार आणलं," त्या म्हणाल्या. त्यांनी आवाज खाली ठेवला नव्हता. दोन दारं सोडून दिपाली पलंगावर बसली होती आणि तिचे कान किती तयार होते ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मला वहिनींचा फार राग आला. त्यांच्या मुलीचं दहावीचं सगळं पुस्तकांचं गाठोडं लगदा होऊन समोर पडलं होतं, त्यामुळे तो राग धड काढताही येईना.

पुरुष मंडळी काकांकडे गेली. उंबरे परत बांधा, नाहीतर आम्ही खोल्या सोडतो. काकांनी स्वतः सिमेंट कालवलं. एकेक दार करत ते टोकाच्या खोलीशी आले आणि थांबले.

"यो नाय बांधनार मी," ते म्हणाले.

दिपालीची आई दारात उभी होती. "काका, आमचाही बांधा."

"बाय, तुजी पोर..."

"सगळ्यांचे आहेत तसा आमचा असू दे. आम्हाला इथं राहायचंय. आमच्यामुळे झालं असं कोणी म्हणायला नको."

काका बसले. थापी हातात घेतली. आतून दिपाली म्हणाली, "काका, थोडा बुटका बांधा ना."

त्यांनी बांधला. बुटका नाही बांधला, बांधता येत नव्हता. पाणी बुटक्यावरून आलं असतं. मी माझ्या दारातून बघत होते. काकांच्या नाकावरून घाम की काय ते टपटपत ओल्या सिमेंटात पडत होतं आणि ते थापीने त्यावरून हात फिरवत होते. खुर्ची पुन्हा दारामागे गेली. गणपतीला ती माणसं दिपालीच्या मामाकडे खडवलीला गेली आणि परतून आलीच नाहीत. वडील तिथूनच कामावर जाऊ लागले.

 मग काका रोज सकाळी उठून जुन्या मिठागराच्या बांधावर जाऊन बसायचे. मिठागराला भरतीचं पाणी हवं तेव्हा आत घ्यायला आणि नको तेव्हा अडवायला बांधात एक दार असतं. दोन बाजूंना खाचा, त्यांत वरून सरकवायची फळी. त्याला उघाडी म्हणतात. त्या बांधाची उघाडी मोडून चिखलात पडली होती. एक दिवस काका ती फळी खांद्यावर टाकून चाळीत घेऊन आले आणि आपल्या दाराच्या चौकटीला खाली दोन्ही अंगांनी खाचा पाडायला लागले. बांधलेला उंबरा पुन्हा फोडला. फळी खाचेत सरकवली, खालच्या फटीला शाडू थापला.

"पानी नाय तवा फली काढून ठेवायची, पानी आलं का घालायची," ते म्हणाले. पण आता त्यांच्यावर विश्वास कोण ठेवणार? तर त्यांनी काय करावं? दिव्यात, जिथे एका हंड्यावरून बायकांची डोकी फुटतात तिथे, पाण्याचा अख्खा टँकर मागवला, आपल्या दारापुढे मातीचा बांध घातला आणि टँकर त्यात मोकळा सोडला. बायका अक्षरशः कळवळल्या. "काका, अहो निदान आमची पिंपं तरी भरू द्या आधी," तावडे वहिनी म्हणाल्या. काका घरात फळीमागे जमिनीवर मांडी घालून बसले होते. बाहेर वीतभर पाणी आणि आत काका कोरडे. काकी त्यांच्यामागे उभ्या होत्या. कित्येक महिन्यांनंतर त्या पहिल्यांदा त्यांच्याशी बोलल्या. "आता उठा," म्हणाल्या. "येडं दिसतंय."

दिवाळीपर्यंत सगळ्या दारांना उघाड्या झाल्या. टोकाची खोली रिकामीच होती, तिलाही झाली. दिवाळी झाल्यावर काका मला घेऊन जीपने खडवलीला गेले. मामाचं घर चांगल्या उंच जोत्यावर होतं, पुढे दगडी पायऱ्या. दिपाली आतल्या खोलीत पलंगावर होती. अंगाने सुकली होती आणि खोकत होती. काकांनी तिला जमिनीवर कोळशाने उघाडी काढून दाखवली, फळी कशी बसते, खाचा कशा.

"माझ्या दाराला पण केली?" तिने विचारलं.

"तुजीच पयली केली," काका म्हणाले. ते खोटं होतं.

"मग मी येते."

काकांनी मामाला विचारलं, तवर इथं पायऱ्यांच्या बाजूला मातीचा उतार घालून देऊ का, माझी माणसं आणतो, दोन दिवसांचं काम. मामा भला माणूस होता. पण भाड्याच्या चाळीत चालतं ते आमच्या घरात नको, असं म्हणाला. तिच्या वडिलांनी सांगितलं, थंडीत पोरीला हलवत नाही, शिमग्याला येतो. काका परतीच्या वाटेवर शीळफाट्याला चहाला थांबले आणि मला म्हणाले, "शिमगा लांब नाय."

पौषात फोन आला. छातीत कफ साठला होता, अशा पोरांना तो सोसत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. निरोप मीच काकांना सांगितला. ते ओट्यावर बसले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.  काकी टोकाच्या खोलीकडे गेल्या, तिथली फळी काढून आणली आणि त्यांच्या पुढ्यात ठेवली. काकांनी पॉलिशचा कागद घेतला आणि दिवस मावळेपर्यंत ती घासली.

त्यानंतर ते तसे झाले. कोणाचे डोळे भरले की त्यांना धीर निघायचा नाही. लोकांना तो विक्षिप्तपणा वाटायचा. पुढच्या पावसाळ्यात चाळीत पाणी आलं नाही. डोक्यावर हंडा घेऊन घरात शिरताना बायकांना ठेच लागायची ती थांबली. तावडे वहिनींचे सासरे वॉकर घेऊन संडासापर्यंत एकटे जायला लागले. वहिनी एकदा मला म्हणाल्या, "हे आधी सुचायला हवं होतं." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

आम्ही पुढे डोंबिवलीला घर घेतलं. चाळ पाडून काकांच्या मुलांनी आणि एका बिल्डरने तिथे टॉवर उभा केला. काकी टॉवर बघायला उरल्या नाहीत. काकांना अर्धांगाचा झटका आल्याचं कळलं तेव्हा मी भेटायला गेले. डावी बाजू गेली होती, जीभ जड झाली होती, दोन-तीन शब्दांपलीकडे काही नीट निघत नव्हतं. व्हीलचेअरवर बसून उजव्या पायाने फरशी रेटत ते घरभर फिरत होते. सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी त्यांचा व्हिडिओ टाकला होता, म्हातारपणी केवढी जिद्द म्हणून. धाकट्या सूनबाईंनी मला तो कौतुकाने दाखवला. खाली जोडलेल्या हातांच्या कितीतरी इमोजी.

"बाहेर नेता का त्यांना?" मी विचारलं.

"बाहेर कसं नेणार?" ती म्हणाली आणि दाराकडे बघितलं.

दारात काळ्या ग्रॅनाइटचा उंबरा होता. चकचकीत, चार बोटं उंच, वर पितळी स्वस्तिक बसवलेलं. काका खुर्ची रेटत तिथपर्यंत आले. चाक दगडाला लागून थांबलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग उजव्या हाताने पलंगाखालची पत्र्याची पेटी दाखवली. पेटीत काय असणार ते मला उघडायच्या आधीच कळलं. छिन्नीची मूठ त्यांच्या हाताने झिजून झिजून काळी पडली होती.

मी सूनबाईंकडे बघितलं. मनात म्हटलं, आता ही म्हणणार, यांना येऊ द्या, मग विचारू. ती पुढे येऊन उंबऱ्याशी थांबली. "सासूबाई रेघ काढायच्या," ती म्हणाली. "मी नवीन होते तेव्हा बघितलंय. फोडा तुम्ही. मी काढीन रेघ."

मी आयुष्यात कधी छिन्नी धरली नव्हती. पहिला घाव माझ्या अंगठ्यावर बसला. काकांनी उजव्या हाताने माझं मनगट धरून छिन्नी आडवी केली. ग्रॅनाइट हट्टी असतो. वरच्या मजल्यावर फरशी बसवणारा एक माणूस आवाज ऐकून खाली आला, थोडा वेळ माझी तऱ्हा बघितली आणि शेवटचा तुकडा त्याने काढून दिला. काकांची खुर्ची बाहेर आली. लिफ्टमध्ये शिरली. खाली लॉबीत उतरलो. कितीतरी महिन्यांनी त्यांना रस्ता दिसत होता, रिक्षा, भाजीची गाडी, माणसं. उजव्या पायाने खुर्ची रेटत ते लॉबीच्या दाराशी आले.

तिथे पायऱ्या होत्या.

सेक्रेटरी खालीच होते. म्हणाले, प्लॅनमध्ये उतार होता हो, पण तिथे कारंजं छान दिसेल असं सगळ्यांचं मत पडलं. कारंजं कोरडं होतं. दिव्यात त्याला पाणी कुठून घालणार? काका पायऱ्यांकडे बघत होते. त्यांच्या तोंडाची उजवी बाजू हलली. "दिस... ला," ते म्हणाले.

मी तीनदा सोसायटीत जाऊन बसले. सगळे अगदी प्रेमाने बोलले. दसऱ्यानंतर घेऊ म्हणाले. दसऱ्याच्या आधीच काका गेले. त्यांना त्या पायऱ्यांवरून खाली उतरवायला चार जण लागले. घराच्या दारातून बाहेर पडताना मात्र त्या चौघांनीही पाय उचलून टाकला, खाली रांगोळीच्या रेघेशिवाय काही नव्हतं तरी.

शोकसभा लॉबीतच झाली. प्रत्येक जण उठून बोलला. काका म्हणजे जिद्द, काका म्हणजे प्रेरणा, त्यांच्याकडे बघून जगायला बळ मिळायचं. बऱ्याच जणांचे डोळे भरले होते आणि ते खोटे नव्हते, हे मी शपथेवर सांगेन. मला बोलायला सांगितलं. मी दिपालीचं सांगितलं, त्या पाण्याचं सांगितलं, उघाडीचं सांगितलं. मग म्हटलं, "ते असते तर आत्ता तुम्हाला एकच गोष्ट म्हणाले असते. भरून आलं ना? मग या पायऱ्यांचं काय करायचं ते बोला."

 मग मागे कोणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि सगळे उठून उभे राहिले.

काकांच्या आठवणीसाठी काहीतरी कायमचं करायचं, असं तिथल्या तिथे ठरलं. त्यांचा मोठा फोटो लॉबीत लावला आहे, चंदनाचा हार घालून. फोटो चांगला आलाय, तोंडाची दोन्ही अंगं सारखी असतानाचा आहे. तो बघायचा तर त्या पायऱ्या चढून वर जावं लागतं. छिन्नी सूनबाईंनी मला दिली, ती माझ्या पिशवीतच असते. येत्या रविवारी सोसायटीची सभा आहे आणि मला तिथे कोणी बोलावलेलं नाही.